मधली फळी

"पेट्रोल चोरतोस आणि वर इंजिन साफ केलं म्हणून मिरवतोस?"

हे आमचे काका. धक्क्यावर, भर गर्दीत, अर्धी माणसं बोटीतून उतरतायत आणि अर्धी चढायला उभी आहेत अशा वेळी. एका हातात टाकीत बुडवून पेट्रोल बघायची पट्टी, दुसऱ्या हातात पेटलेली सिगारेट. आणि मी कुठे? मी बोटीत, इंजिनांच्या खड्ड्यात, आमच्या टाकीचं झाकण उघडं टाकून गुडघ्यांवर बसलेलो.

"काका, आधी ती सिगारेट टाका."

"मला शिकवतोस?"

"टाकी उघडी आहे, काका! टाका ना!"

"आधी माझ्या टाकीतलं पेट्रोल कुठं गेलं ते बोल!" असं म्हणत ते खड्ड्यावर वाकले. सिगारेटसकट.

मी काय करायला हवं होतं? तुम्हीच सांगा. नमस्कार करायला हवा होता? मी उडी मारली आणि त्यांच्या हातावर फटका मारला. सिगारेट पाण्यात गेली, पट्टी माझ्या डोक्यात पडली आणि अख्ख्या धक्क्याने काय बघितलं? पुतण्याने काकावर हात उचलला. धक्क्यावरचं कुणी जळून कोळसा झालं नाही, ते कुणालाच दिसलं नाही. जे झालं नाही ते दिसणार तरी कसं म्हणा.

"बघा!" काका सगळ्यांकडे वळून म्हणाले. "चोर तो चोर, वर हात पण उचलतो!"

चोर. मला. ज्याने अख्खा आठवडा त्या टाकीत मान घालून काढला, त्याला.

आता आमच्या बोटीचं नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही वेडे आहोत. आहोतच, पण कसे ते कळू दे.

बोट आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. माणसांना या काठावरून त्या काठावर न्यायची आणि परत आणायची. धक्क्यावर सगळे तिला म्हातारी म्हणतात. म्हातारीला दोन इंजिनं, पेट्रोलवरची, आणि दोन टाक्या, डावी नि उजवी. आबा गेले आणि बाबा नि काकांनी बोट वाटून घेतली. विकून पैसे वाटले असते तर समजलं असतं. यांनी बोट उभी चिरली. डावं इंजिन, डावी टाकी आमची. उजवं इंजिन, उजवी टाकी त्यांची. आमच्या बाजूचा खड्डा बाबांनी करड्या रंगाने रंगवला, काकांनी त्यांचा हिरव्या रंगाने. मधोमध रंगाची अशी सरळ रेघ आली आहे की शाळेत माझ्याकडून एवढी सरळ कधी आली नव्हती. जाताना सुकाणू बाबांच्या हातात, येताना काकांच्या. आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण आमच्या तोंडून. बाबा शेजारी उभे असताना काका मला म्हणणार, "तुझ्या बापाला सांग, दोर ढिला आहे." आणि बाबा मला म्हणणार, "त्यांना सांग, मला डोळे आहेत." आणि मी मध्ये उभा, टेलिफोनचा खांब.

न बोलण्याचं कारण काय, तर पेट्रोल. बाबा संध्याकाळी टाकी भरतात, काका सकाळी. बाबा म्हणतात, रात्रीतून आमचं पेट्रोल खाली जातं. काका म्हणतात, दिवसात त्यांचं जातं. दोघांनाही खात्री, की दुसरा नळी घालून काढतो. वर्षानुवर्षं हेच चालू आहे. काकांनी त्यांच्या झाकणाला कुलूप लावलं, मग बाबांनी त्याहून मोठं लावलं. पेट्रोल जायचं ते गेलंच.

मी शाळा सोडली तेव्हा बाबा म्हणाले, "बोटीवर ये, पण पाट्या टाकायच्या नाहीत." मी नाही टाकल्या. डावं इंजिन खोकत होतं, चढावर म्हातारा थांबतो तसं मध्येच थांबायचं. मी म्हटलं, वरवरचं औषध ओतून काही होणार नाही, सगळं उघडून साफ करायला पाहिजे. बाबा म्हणाले, "कर. पण बिघडवलंस तर आत्याकडे पाठवीन."

आत्याकडे म्हणजे आत्याच्या यजमानांच्या कापडाच्या दुकानात. तिथं माझा चुलत-आते-कोणीतरी भाऊ आहे, तो दिवसभर ताग्यावर तागा ठेवतो. मी बघितलंय त्याला. डोळे असे झालेत, जसे आमच्या बादलीत राहिलेल्या माशाचे होतात. तिथं मी आठवडाभरात एक तर गिऱ्हाईकाला मारीन नाहीतर स्वतःला कापडात गुंडाळून घेईन. मला बोटीवर राहायचं होतं. बाकी मला काही नको होतं, अजूनही नको आहे.

म्हणून मी काम मनापासून केलं. हातपंपाने सगळं जुनं पेट्रोल डब्यांत काढलं. ते पेट्रोल नव्हतंच. रंग चहासारखा, वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा, डोळ्यांत पाणी आणणारा. वास बाहेर फेकणारा पंखा सतत चालू ठेवला, मोबाईल वर धक्क्यावर ठेवला, ताईला सांगितलं, आसपास कुणी काडी ओढली तर ओरड. ताई म्हणजे काकांची मुलगी. ती दोन्ही बाजूंची तिकिटं फाडते, त्यामुळे बोटीवर दोन्ही घरांची मिळून अशी ती एकटीच.

टाकीच्या तळाशी गाळ होता, तपकिरी, चिकट, मधासारखा. हात खांद्यापर्यंत आत घालून, फडक्याने पुसून पुसून काढला. रबरी नळ्या आतून सडल्या होत्या, दाबलं की काळा भुगा पडायचा. बदलल्या. फिल्टरच्या काचेच्या वाटीत तर खाली पाणी आणि वर पेट्रोल असे दोन थर, मध्ये स्वच्छ रेघ, घरात पण वाटणी, वाटीत पण वाटणी. कार्बोरेटर काढून टेबलावर मांडला. त्यातली बारीक छिद्रं तारेने कोरायची नसतात, भोक मोठं होतं आणि इंजिन पेट्रोल ढोसायला लागतं. मी आईच्या घासणीचा एक केस घेऊन कोरली आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. आई म्हणाली, "माझी घासणी?" मी म्हटलं, "एक केस गेला." ती म्हणाली, "तुझ्या बापाचे सगळे गेले, घासणीचा तरी राहू दे."

एकच गोष्ट मला खटकली होती. टाकीच्या तळाशी, आतल्या बाजूच्या भिंतीत, एक भोक होतं. त्यात गाळ डांबरासारखा घट्ट बसला होता. मी तो कोरून काढला. त्यानंतर तो कोपरा पुसला की ओला, पुसला की ओला. मला वाटलं, सांध्यात कुठं तरी मुरलेलं झिरपतंय. पुसत राहिलो. वैताग आला तसं झाकण लावलं, ताजं पेट्रोल थोडंसंच ओतलं, इंजिन चालू केलं.

काय सांगू. पहिल्या झटक्यात! मांजर मांडीवर बसल्यावर आवाज करते तसा आवाज. बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. बाबांची टपली म्हणजे दुसऱ्याच्या घरचा सत्कार समारंभ.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्याच फेरीला, भर पाण्यात, डावं इंजिन गचके खाऊन बंद. भरलेली बोट एका इंजिनावर तिरकी तिरकी परत आणली. एक मावशी मला म्हणाल्या, "बाळा, पोहता येतं ना तुला?" मी म्हटलं, "मला येतं." त्या म्हणाल्या, "मग मला कोण वाचवणार ते ठरव."

धक्क्याला लागलो. मी खड्ड्यात उतरून फिल्टरची वाटी बघितली. चहा. तोच तपकिरी चहा! मी झाकण उघडलं, आणि तेवढ्यात काका पट्टी घेऊन आले, कारण त्यांची टाकी रात्रीतून धडाधड खाली गेली होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

बाबांनी काय केलं? मला वाटलं, बाबा म्हणतील, माझा पोरगा चोर नाही. बाबांनी आमच्या टाकीत पट्टी घातली. जेवढं मी ओतलं होतं त्याहून कितीतरी जास्त पेट्रोल. पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हे कुठून आलं?"

"मला काय माहीत!"

"आकाशातून पडलं?"

"बाबा, मी घेतलं असतं तर चांगलं घेतलं असतं! हा गटारासारखा माल कोण चोरेल?"

"गटार कुणाला म्हणतोस रे?" काका वरून.

"त्यांना सांग," बाबा मला म्हणाले, "उद्या सकाळच्या बसने हा आत्याकडे जातोय. विषय संपला."

"त्याला सांग," काका मला म्हणाले, "आजच गेला तरी चालेल."

म्हणजे मला हाकलून देतायत, आणि निरोपही मीच पोचवायचा!

घरी जाऊन मी पिशवी भरली. भरली कसली, कोंबली. अंगाची आग होत होती. आई दारात उभी राहून म्हणाली, "स्वेटर घे." मी म्हटलं, "चोरांना थंडी वाजत नाही." तिने स्वेटर स्वतः कोंबला.

पण डोकं थांबेना. कारण मी ती टाकी बघितली होती. माझ्या डोळ्यांनी. आत तोंड बघता येईल इतकी लख्ख होती. मग तपकिरी घाण आली कुठून? अख्ख्या बोटीत तसली घाण आता एकाच ठिकाणी होती, काकांच्या टाकीत. मी आणली नाही. बाबांनी आणली नाही. म्हणजे ती स्वतः चालत आली. आणि चालत यायला रस्ता लागतो.

ओला कोपरा. आतल्या बाजूच्या भिंतीतलं भोक.

मी पिशवी तशीच टाकून पळालो. दुपारची वेळ, फेऱ्या बंद, बाबा नि काका आपापल्या घरी जेवायला. ताई एकटी बोटीत तिकिटांचे गठ्ठे लावत बसली होती.

"मधली फळी उचलायची आहे," मी म्हटलं.

खड्ड्यात दोन इंजिनांच्या मध्ये एक लांब फळी आहे. अगदी रंगाच्या रेघेवर. अर्धी करडी, अर्धी हिरवी. ती कुणाचीच नाही. आमच्या बाजूची साफसफाई फळीपर्यंत येऊन थांबते, त्यांची त्यांच्या बाजूने. उचलली तर दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकला असं होईल, म्हणून वाटणी झाल्यापासून कुणी ती उचललीच नव्हती. स्क्रूंच्या डोक्यांवरसुद्धा रंग, अर्धा अर्धा. मला सांगा, स्क्रूचं डोकं अर्धं रंगवायला माणूस किती रिकामटेकडा असावा लागतो?

ताई म्हणाली, "पप्पांना कळलं तर?"

"मी उद्या जातोच आहे. माझं काय वाकडं करतील?"

"तुझं नाही रे. माझं."

"तू हिरव्या बाजूने उचल, मी करड्या बाजूने. म्हणजे कुणी कुणाच्या हद्दीत गेलं नाही."

ती हसली. "शहाणाच आहेस." आणि दुसरा स्क्रू ड्रायव्हर घेतला.

पंखा लावला. स्क्रू गंजले होते, हाताची सालं निघाली. फळी उचलली. खाली कोळिष्टकं, फडक्याचे गोळे, एक मेलेला खेकडा, आणि त्या सगळ्याच्या खाली एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाणारी पितळी नळी. मध्ये कॉक, नळाच्या तोटीसारखा. कॉकचा दांडा उघडा, आणि कुणी बंद करू नये म्हणून तारेने करकचून बांधलेला.

ताईने नळीवरून या टाकीपासून त्या टाकीपर्यंत हात फिरवला.

"दोन्ही टाक्या एकच आहेत," ताई हळूच म्हणाली.

कळलं का? आबांनी जोडून ठेवल्या होत्या, दोन्ही बाजूंना सारखं पेट्रोल राहावं, बोट एका अंगावर कलू नये म्हणून. बाबा भरायचे, ते काकांकडे झिरपायचं. काका भरायचे, ते आमच्याकडे. गाळ बसल्यामुळे हळूहळू, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. मी भोक साफ केलं, नळीतला उरलासुरला गाळ रात्रीतून सुटला आणि काकांची सगळी घाण भसाभस आमच्या चकचकीत टाकीत. मला आबांचापण राग आला. अहो, तार बांधलीत ती बांधलीत, सांगून तरी जायचं!

"फळी कुणी उचलली?"

वर बघितलं तर खड्ड्याच्या या काठावर बाबा, त्या काठावर काका. दोघं एकदम बोलले होते, एकच वाक्य, एकाच सुरात. इतक्या वर्षांत त्यांनी मिळून केलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही माझ्यावर ओरडायची.

मी आमच्या बाजूने कॉकजवळ नळीचा सांधा सैल केला आणि खाली काचेची बरणी धरली. काकांच्या बाजूने तपकिरी धार आली. बरणी भरली तसा सांधा आवळला आणि ती दोघांच्या नाकासमोर धरली.

"हा चोर," मी म्हटलं. "पकडा."

काकांनी नळीकडे बघितलं, मग तारेकडे, मग खूप वेळाने बाबांकडे.

"दादा," ते म्हणाले. थेट! मला मध्ये न घेता! "हा कॉक आबांनी बसवला तेव्हा बॅटरी तू धरली होतीस."

"बॅटरी तुझ्याकडे होती. मी पाना धरला होता."

"पाना मी धरला होता. तू बॅटरी माझ्या डोळ्यांत मारत होतास."

"तू पाना पाण्यात पाडलास, म्हणून आबांनी तार बांधली!"

"तार त्यासाठी नव्हती बांधली!"

थांबा. जरा थांबा. म्हणजे दोघांना माहीत होतं? दोघं इथंच बसले होते, याच खड्ड्यात, आणि दोघं विसरले? का, तर मधली फळी कुणाची नाही म्हणून खाली कुणी बघितलंच नाही! आणि चोर कोण? मी!

मी तसं ओरडून म्हटलं. दोघांनी माझ्याकडे बघितलं, जसं भांडणात मध्ये आलेल्या कुत्र्याकडे बघतात.

"बरं, बरं," बाबा म्हणाले. "कॉक बंद कर. आणि उजवी टाकीपण साफ करावी लागेल."

"पोरगा करेल," काका म्हणाले.

पोरगा करेल! सकाळी चोर, दुपारी पोरगा!

"करतो," मी म्हटलं. "आधी म्हणा, मी चोरी केली नाही. आणि इथं नाही, वर. धक्क्यावर. माणसं असताना. चोर म्हणालात ते माणसांसमोरच म्हणालात ना?"

काकांचं तोंड कडू झालं. "लहानांची माफी मागायची पद्धत आहे का आपल्यात?"

"माफी नकोय. फक्त म्हणा."

"दादा, बघ याला."

"जास्त बोलू नकोस," बाबा मला म्हणाले. मला! "आणि आत्याला शब्द दिलाय मी. ते लोक वाट बघतायत. थोडे दिवस जाऊन ये, डोकं थंड होईल."

माझं डोकं! माझं डोकं थंड करायचं आहे!

म्हणजे भाऊ भावाला मिळाला, आणि मी दोघांच्या मध्ये होतो तो दोघांच्या बाहेर झालो. मी कॉक बंद केला, तार खिशात घातली, हात पुसले आणि निघून आलो.

तर आता सकाळ झाली आहे. मी धक्क्यासमोरच्या बसस्टॉपच्या बाकावर आहे, मांडीवर पिशवी, पिशवीत स्वेटर. ताई म्हणाली होती, कुणावर ओरडण्यापेक्षा मोबाईलवर लिहून काढ. लिहिलं. राग तसूभर कमी झालेला नाही, फक्त अंगठे दुखतायत. बस अजून आलेली नाही.

इथून म्हातारी सगळी दिसते. दोघं भाऊ पहाटेपासून उजव्या इंजिनात डोकी घालून बसलेत. मला वाटलं होतं, गंमत बघू. पण बघवत नाही. काकांनी कार्बोरेटर उघडलाय आणि बाबा छिद्रं तारेने कोरतायत. तारेने! मी इथून ओरडलोसुद्धा, "तार नको!" ऐकू गेलं नाही. किंवा गेलं. धक्क्यावर माणसं साचली आहेत, कालच्या मावशीपण आहेत, त्यांनी आज कुठून तरी हवा भरायची ट्यूब आणली आहे, गळ्यात.

ताई सांगत होती, डावी टाकी यांनी काल संध्याकाळीच पुन्हा धुऊन ताजं पेट्रोल भरलं. डावं इंजिन सुरू झालं. माझं. बघा कसं बोलतंय. उजवं नुसतं कण्हतंय. आता तेही बंद.

काका वर आलेत. धक्क्यावर उभे आहेत, हात काळे, हातात कार्बोरेटर, सगळ्यांच्या मध्ये. इकडे बघतायत. बाबांनी खालून काहीतरी म्हटलं वाटतं, कारण काकांनी मागे वळून "हो रे दादा, म्हणतो" असं म्हटल्यासारखं केलं.

आता दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडतायत.

"ए! ज्याने पेट्रोल चोरलं नाही तो पोरगा कुठंय?"

अख्खा धक्का माझ्याकडे वळून बघतोय. मावशी ट्यूबसकट टाळ्या वाजवतायत.

ही काय पद्धत झाली का? असं म्हणतात का कुठं? मी यांना चांगलं सुनावणार आहे, दोघांना एकदम, मध्ये कुणाला न घालता. वळणावर बसचा हॉर्न वाजतोय, वाजू दे. पण काकांनी पुन्हा सिगारेट काढली, आणि खाली उजव्या टाकीचं झाकण उघडं आहे. मला आता जायलाच हवं.